सात कामाचे दिवस

आई,

आज बँकेचं पत्र आलं आहे. मुदत ठेव या महिन्याच्या शेवटी संपते, रकमेचं काय करायचं ते कळवा, असं त्यात आहे. खाली तीन चौकोन आहेत आणि एकात खूण करायची आहे. तू असतीस तर चष्मा लावायच्या आधीच खूण करून मोकळी झाली असतीस. मी सकाळपासून तीनदा चहा केला, दोनदा ओटा पुसला, आणि पत्र अजून टेबलावर तसंच पडलं आहे. तू जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण आपलं शेवटचं मोठं बोलणं भांडणाचं होतं, आणि त्या भांडणात बरोबर मीच होते असं धरून मी आजवर चालत आले.

मी आयर्लंडमध्ये असते. नकाशात इंग्लंडच्या डाव्या हाताला, पावसात भिजत बसलेला देश. डब्लिनच्या विमानतळाजवळ स्वोर्ड्स नावाचं गाव आहे, तिथे आमचं घर आहे. दर काही मिनिटांनी छपरावरून विमान जातं आणि आता ते ऐकूही येत नाही. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधते. ते मला तुझ्या घरात असल्यापासून जमत होतं, असं तू म्हणाली असतीस. तुझ्या नातवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तो इथल्या सुरातल्या इंग्रजीतच देतो. जावई तुला आवडला असता. तो कमी बोलतो.

टेबलावरच्या पत्रातले पैसे माझ्या नावावर आहेत, पण ते माझे नाहीत. ते कोणाचे हे सांगण्याआधी मला तुझ्यापासून सुरुवात करायला हवी, कारण ही सवय मी तुझ्याकडून उचलली.

तू पोस्टाची अल्पबचत एजंट होतीस. नाशिकच्या आपल्या गल्लीत आणि पुढच्या तीन गल्ल्यांत असं घर नव्हतं जिथे तुझं निळं कापडी पाकीट गेलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तू दुपारी, पुरुष कामावर गेले की, निघायचीस. कोणी डाळीच्या डब्यातून, कोणी उशीच्या अभ्र्यातून पैसे काढून तुझ्या हातात ठेवायच्या आणि तू प्रत्येकीच्या कार्डावर सही करून "थेंबे थेंबे तळे साचे" म्हणायचीस, जशी काही ती म्हण तूच रचली होतीस. शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर पोस्टात फॉर्म भरायला बसायचे. तुझा एक नियम होता. पाच वर्षांची ठेव पुरी झाली की पैसे घरात येऊ द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच पुढच्या योजनेत वळवायचे. घरात आले की नवऱ्याला वास लागतो, दिराला वास लागतो, नणंदेचं लग्न निघतं. म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधीच तू बायकांच्या सह्या घेऊन ठेवायचीस. फॉर्म कोरा, खाली सही. बायका डोळे मिटून सही करायच्या, कारण तू होतीस.

शिवणकाम करणाऱ्या मावशी तुला आठवतच असतील. माझ्या शाळेचे झगे त्याच शिवायच्या आणि उरलेल्या कापडाची मला पिशवी करून द्यायच्या. त्यांची ठेव संपली आणि तू सही घेतलेल्या फॉर्मावर ती सहा वर्षांच्या बचत प्रमाणपत्रात वळवलीस. तीन महिन्यांनी भर दुपारी त्या आपल्या स्वयंपाकघरात आल्या. मी चौदा वर्षांची, ओट्याशी कोथिंबीर निवडते आहे. त्या खाली बसल्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी, माझे पैसे काढून द्या. मी लेकीला घेऊन भावाकडे जाते. आता नाही होत." त्यांचा ओठ सुजलेला होता. तू त्यांना पाणी दिलंस, आणि सांगितलंस की ते प्रमाणपत्र मुदतीआधी मोडता येत नाही, सरकारचा नियमच तसा आहे. "सहा वर्षं हां हां म्हणता जातील," असंही म्हणालीस. त्यांनी पाण्याचा पेला तसाच ओट्यावर ठेवला. मग तू म्हणालीस, "माझ्याकडे असते तर दिले असते हो." देव्हाऱ्यामागे बिस्किटांचा डबा होता, त्यात तुझं कमिशन असायचं. मला माहीत होतं. मी कोथिंबीर निवडत राहिले.

त्या कुठेही गेल्या नाहीत. सहा वर्षं खरंच गेली आणि तू त्यांना पैसे काढायला पोस्टात घेऊन आलीस. तेव्हा मी कॉलेजात होते, त्या दिवशी सुट्टी म्हणून तुझ्याबरोबर आले होते. कारकुनाने त्यांची नवी सही जुन्या सहीशेजारी धरली आणि मान हलवली. सही जुळत नव्हती. त्यांनी पुन्हा केली, पुन्हा जुळली नाही. मग त्यांचा उजवा हात मी नीट पाहिला. मधली दोन बोटं वाकडी बसलेली होती, पेन धरता येत नव्हतं. त्या हाताने त्या आता काजंसुद्धा करत नव्हत्या, फक्त सरळ शिलाई मारायच्या. तू शाईचं पॅड पुढे ओढून घेतलंस. त्यांचा अंगठा शाईत टेकवून कागदावर धरलास आणि साक्षीदार म्हणून खाली तुझी सही केलीस, नेहमीसारखी ठसठशीत. त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस. मी ताट वाढून ठेवलं आणि म्हणाले, "तुला कमिशन हवं होतं, म्हणून तू त्यांना अडकवलंस. आणि डब्यात पैसे असून नाही म्हणालीस." तू माझ्यावर हात उगारला नाहीस. नुसतं म्हणालीस, "तुला काय कळतंय." वर्षभरात तू गेलीस, आणि तुझं ते वाक्य मी तुझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपून ठेवलं.

आता पैसे कोणाचे ते सांगते. आमच्या घरापासून चार घरं सोडून नागपूरची एक मुलगी राहायला आली. मुलगी म्हणते, पण तिला एक तीन वर्षांची लेक होती. शिकलेली, औषधशास्त्राची पदवी घेतलेली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तेव्हा इथे आपसूक नोकरी करता येत नसे, आणि तिने परवान्याची खटपट करावी अशी तिच्या नवऱ्याची इच्छा नव्हती. बँकेत स्वतःचं खातं उघडायला गेली तर त्यांनी पत्त्याचा पुरावा मागितला, विजेचं बिल किंवा भाडेकरार, आणि सगळे कागद नवऱ्याच्या नावावर. नवरा चारचौघांत अगदी गोड माणूस. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खुर्च्या वाहून आणायला सगळ्यांत पुढे. आमची शेजारीण, आयरिश म्हातारी, त्याचं कौतुक करताना थकायची नाही. घरात मात्र तो दुधाच्या पिशवीचीसुद्धा पावती मागायचा.

तिने सुरुवात वीस युरोंनी केली. स्वस्त दुकानातून भाजी घ्यायची, जुनी महागड्या दुकानाची पावती दाखवायची, मधला फरक माझ्या हातात. पुढे दिवाळीला ती इथे शिकायला आलेल्या आमच्या ओळखीच्या मुलांना पैसे घेऊन चकल्या करून द्यायची, नवऱ्याला वाटायचं मंडळासाठी फुकट करते आहे. "ताई, हे तुमच्याकडे राहू द्या ना," ती म्हणायची, आणि मी वहीत तिच्यासमोर आकडा लिहायचे. वहीला मी निळं कव्हर घातलं होतं, ते कुठून आलं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पैसे मी माझ्या नावावर वेगळ्या खात्यात टाकायचे. दोन हजारांवर गेले तेव्हा वर्षभराच्या मुदत ठेवीत ठेवले. मला बरं वाटायचं, आई. खोटं कशाला बोलू, मी तुझ्यापेक्षा चांगली एजंट आहे असं मला वाटायचं, कारण मी कमिशन घेत नव्हते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती ठेव संपली. वर्षाचं व्याज एका कॉफीचं, आणि त्यातलाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सरकारने कापून घेतलेला. ते बघून माझ्या अंगात तू संचारलीस. इथेही पोस्टाची बचत प्रमाणपत्रं मिळतात, पाच वर्षांची, सरकारी हमीची, आणि व्याजावर कर नाही. करमुक्त हा शब्द मी तुझ्याबरोबर पोस्टाच्या भिंतीवर वाचायला शिकले होते. मी दुपारच्या सुट्टीत जाऊन सगळी रक्कम तिकडे वळवली. मोडायचं झालं तर सात कामाचे दिवस आधी कळवावं लागेल, असं खिडकीतल्या बाईने सांगितलं. मी म्हटलं, छे, मोडायचंय कोणाला. त्या मुलीला मी विचारलं नाही. नंतर सांगितलं, आणि वहीतला नवा आकडा दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही केलं म्हणजे बरोबरच असेल ताई." वाचवलेला कर वर्षाला एक युरोसुद्धा नव्हता, हे मी नंतर काढलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका मंगळवारी, ती माझ्या दारात आली. मी घरून काम करत होते. बाहेर कडक थंडी, टीव्हीवर मोठ्या बर्फाचा इशारा, दुकानांतून पाव नाहीसा झालेला. तिच्या पायात घरातल्या सपाता होत्या. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने तिला मागच्या अंगणात काढून दार लावून घेतलं होतं, तासभर, आणि लेक काचेच्या दारातून बघत होती. हे तिने चहा ढवळत, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं. मग म्हणाली, "ताई, मी निघून राहिले. लिमरिकला माझी एक मैत्रीण आहे ना, हॉस्पिटलात डॉक्टर, तिने एका आजीबाईच्या घरी खोली बघून ठेवली. डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं शुक्रवारपर्यंत द्यायचंय. बसनं जाते, पिल्लूला घेऊन. माझे पैसे द्याल का?"

मी तिला सांगितलं की पैसे पोस्टात आहेत आणि सात कामाचे दिवस लागतील. तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "पण ते माझे आहेत ना?" असं तिने विचारलं. भांडण म्हणून नाही, नीट समजून घ्यायला. मी म्हटलं, तुझेच आहेत, पण नियम आहे. आजच अर्ज देते, पुढच्या गुरुवार-शुक्रवारपर्यंत येतील, तू आजीबाईंना आठवडाभर थांबायला सांग. ती म्हणाली, "त्या थांबतील हो. माझंच थांबणं होईल का, ते पाहून राहिले." मग मी ते वाक्य म्हटलं. "माझ्याकडे असते तर दिले असते गं." आई, शब्दन् शब्द तुझा होता. माझा मुलगा तेवढ्यात शाळेतून आला, तिला हाय म्हणाला आणि प्रेसमधून, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातून, बिस्किटं काढून वर गेला. ती उठली, कप विसळून पालथा घातला आणि गेली.

मी त्याच दुपारी अर्ज दिला. खिडकीतली बाई इथल्या पद्धतीने धीर देत म्हणाली, "यू'ल बी ग्रँड, लव्ह. सेव्हन वर्किंग डेज." दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला. गुरुवारी, शुक्रवारी सगळं बंद. पोस्ट, शाळा, बस, विमानतळसुद्धा. छपरावरून एकही विमान गेलं नाही आणि घर इतकं शांत झालं की मुलगा म्हणाला, आई, इट्स क्रीपी. त्याला बर्फात खेळायचं होतं, मी त्याच्याबरोबर बाहेर गेले. चार घरं पलीकडे तिच्या अंगणात कोणी नव्हतं. मला कळत होतं की तो माणूस तीन दिवस ऑफिसला न जाता तिच्यासोबत घरात आहे, आणि ते दिवस कामाच्या दिवसांत धरले जाणार नाहीत. माझ्या ऑफिसात बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर अशा वेळी फोन करायचा नंबर चिकटवलेला आहे, मी तो रोज वाचते. तो मी तिला दिला नाही. वाटलं, पैसे येतातच आहेत.

त्या तीन दिवसांत त्याला काय सापडलं, मैत्रिणीचा मेसेज की आणखी काही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पुढच्या शनिवारी तो तिघांची तिकिटं काढून नागपूरला गेला. तिची आई आजारी आहे, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. पैसे माझ्या खात्यात त्यानंतरच्या मंगळवारी आले. तीन आठवड्यांनी तो परत आला तो लेकीला घेऊन, एकटा. तिचा पासपोर्ट आणि इथलं राहण्याचं कार्ड त्याच्याकडेच होतं. तिला तिकडेच राहायचंय, आईची सेवा करायची आहे, असं तो मंडळात सांगायचा, आणि बायका माना डोलवायच्या. मीही तिथे होते. माझी मान हलली की नाही, आठवत नाही. लेक आता सहा वर्षांची आहे. मराठी बोलत नाही. शाळेच्या फाटकापाशी मी एकदा तिला विचारलं, मम्मीचा फोन येतो का गं? ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "माय मम्मी डझन्ट लिव्ह हिअर," आणि मैत्रिणीच्या मागे पळाली.

त्या नागपूरच्या मुलीशी माझं बोलणं एकदाच झालं, तिच्या भावाच्या फोनवरून. मी तिला म्हटलं, तुझे पैसे माझ्याकडे आहेत, आजच पाठवते, वकील कर. ती हळू आवाजात म्हणाली, "नको ताई. इकडे आले तर भाऊ विचारेल, कुठून आले. तुमच्याकडेच राहू द्या." मग विचारलं, "पिल्लू दिसते का तुम्हाला?" मी म्हटलं, दिसते. "केस कोण बांधतं तिचे?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, छान बांधलेले असतात. त्यानंतर तो नंबर लागला नाही. लिमरिकच्या मैत्रिणीलाही मी शोधून फोन केला, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "त्या मंगळवारी तुम्ही मला का नाही कळवलंत?"

ते पैसे साध्या खात्यात डोळ्यांसमोर बघवेनात, म्हणून मी ते पुन्हा वर्षभरासाठी ठेवले. तीच ही ठेव. परवा बातमी वाचली की आता बऱ्याच जणांच्या बायकांना इथे वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येईल. नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "एक विचारू? तेव्हा आपल्या खात्यातून का नाही दिलेस? मी काही म्हटलं असतं का?" मी म्हटलं, सुचलं नाही. तो पुढे काही बोलला नाही. मी सांगितलं ना, तो कमी बोलतो.

सुचलं होतं, आई. ती दारात सपाता घालून उभी होती तेव्हाच सुचलं होतं. आदल्या दिवशी माझा पगार झाला होता. तिला हवे होते त्याच्या दुप्पट पैसे चालू खात्यात होते, फोन माझ्या हातात होता. पण मनात आलं की उद्या कळलं तर मंडळी म्हणतील, हिने घर मोडलं. तो माणूस माझ्या दारात येऊन उभा राहील. पोस्टाचे पैसे तिचे होते, ते दिले असते तर मी नुसती मधली बाई. माझे दिले असते तर मी त्यात असते. म्हणून मी नियम सांगितला, आणि नियम खरा होता. मावशी त्या दुपारी समोर उभ्या होत्या तेव्हा तुझ्याही मनात असंच काही आलं होतं का, हे विचारायला मी एकवीस वर्षं उशीर केला.

हे पत्र मी निळ्या कव्हराच्या वहीत ठेवणार आहे, त्याला दुसरा पत्ता नाही. बँकेच्या कागदावर मी अजून खूण केलेली नाही. इतकी वर्षं मी तुला एकाच गोष्टीसाठी माफ केलं नव्हतं, कमिशनसाठी. तुला निदान ते तरी होतं. मला तेही नव्हतं.